भोसरीचं हाऊसिंग आणि व्हिएन्नाचं एकोणचाळिसावं कलम: एका निर्यात वादाचं प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतला चाळीसेक कामगारांचा कारखाना. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीतून बिडाचं कास्टिंग येतं, इथे त्याचं मशिनिंग आणि लीक टेस्ट होते, आणि पंपाचं हाऊसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, म्हणून ते न्हावा शेवामार्गे जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या पंप कंपनीकडे जातं. मालकांनी दोन जुन्या लेथवर सुरुवात केली होती. आता निर्यातीचा सगळा पत्रव्यवहार त्यांची इंजिनिअर मुलगी बघते. कारखान्यात तिला सगळे ताई म्हणतात, इथेही मी तेच म्हणते. मी पुण्यात वकिली करते, बहुतेक काम करार आणि लवादाचं, म्हणजे कोर्टाऐवजी पक्षकारांनी ठरवलेल्या लवादापुढे वाद सोडवण्याचं. ओळख पटू नये म्हणून नग, रकमा आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे आहेत.

जर्मन कंपनीशी वेगळा लेखी करार नव्हता. पी.ओ., म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, यायची, ताई ‘ऑर्डर मिळाली, धन्यवाद’ असा मेल टाकायची आणि काम सुरू व्हायचं. पी.ओ.च्या मागच्या पानावर फिकट राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत अटी होत्या. त्यात दोन ओळी महत्त्वाच्या: या व्यवहाराला जर्मन कायदा लागू राहील, आणि वाद झाल्यास जर्मनीत लवादापुढे जायचं. चार वर्षांत त्या ओळी भोसरीत कुणी वाचल्या नव्हत्या. भाव, डिलिव्हरी आणि ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, एवढंच बघितलं जायचं. लघुउद्योगात हे सर्रास घडतं.

वाद कसा उभा राहिला

माल जूनच्या सुरुवातीला हँबर्गला उतरला. १,२०० नग, ३८ हजार युरोंचा. पैसेही वेळेवर आले. नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीनंतर कारखाना उघडला त्याच सोमवारी मेल आला: हाऊसिंग प्रेशर टेस्टला गळतात, संपूर्ण लॉट नाकारत आहोत, असेंब्ली लाइन थांबल्याचा आणि सॉर्टिंगचा खर्च धरून ५५ हजार युरोंची डेबिट नोट, म्हणजे वसुलीची चिठ्ठी, सोबत जोडली आहे. पुढच्या कन्साइनमेंटचे ३६ हजार युरो त्यांनी तिथेच अडकवून ठेवले. शेवटी आणखी एक तक्रार होती, की नगांवरचा प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला हात, जर्मनीतल्या पिण्याच्या पाण्याच्या नियमांत बसत नाही.

३६ हजार युरो अडकणं म्हणजे काय, हे या कारखान्याच्या हिशेबाने बघायला हवं. त्या ऑर्डरवर बँकेकडून पॅकिंग क्रेडिट, म्हणजे निर्यातीचा माल तयार करायला मिळणारं कर्ज, उचललेलं होतं. निर्यातीचे पैसे मुदतीत आले नाहीत की बँक विचारायला लागते. फाउंड्रीचं बिल उभं होतं. दुसऱ्या दिवशी मालक माझ्याकडे आले तेव्हा हातात पिशवी होती आणि पिशवीत नमुन्याचं एक हाऊसिंग. ते टेबलावर ठेवून ते म्हणाले, “मॅडम, चार वर्षं माल घेतायत. पाच महिने गोदामात ठेवला आणि आता गळतो म्हणतात. आपल्या इथल्या कोर्टात टाका. आपला कायदा आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही.”

कायदा कोणता?

इथे पहिलं वळण आलं, आणि ते मालकांच्या अपेक्षेच्या बरोबर उलट होतं.

पुण्यातल्या कोर्टाचा रस्ता जवळजवळ बंदच होता. लवादाचं कलम परदेशी असेल, तर आपल्या १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे कोर्ट पक्षकारांना लवादाकडेच पाठवतं. लवादाचा निवाडा विरोधात गेला तर तो इथे येऊन बजावता येतो, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे परदेशी लवादाचे निवाडे मानण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, भारत आणि जर्मनी दोघंही आहेत. गंमत नाही, पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की जर्मन कोर्टाचा हुकूमनामा इथे थेट बजावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ साठी जर्मनी हा अधिसूचित देश नाही. म्हणजे न्यायाधीशाच्या निकालापेक्षा लवादाचा निवाडा सीमा सहज ओलांडतो. एका विषयावर राष्ट्रांनी एकत्र बसून करार केला, दुसऱ्यावर तसा झाला नाही, त्याचा हा परिणाम.

आता मूळ प्रश्न: ‘जर्मन कायदा’ म्हणजे काय? बहुतेकांना वाटतं, जर्मनीची दिवाणी संहिता. पण आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या करारांविषयीचं संयुक्त राष्ट्रांचं १९८० चं व्हिएन्ना कन्व्हेन्शन १९९१ पासून जर्मनीत लागू आहे, म्हणजे ते जर्मन कायद्याचाच भाग आहे. भारत त्यात नाही, तरी पक्षकारांनी जर्मन कायदा निवडला आणि कन्व्हेन्शन वगळल्याचं लिहिलं नाही, तर पहिल्या कलमाच्या दुसऱ्या वाटेने, म्हणजे लागू होणारा कायदा सदस्य राष्ट्राचा आहे म्हणून, तेच लागू होतं. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाची भूमिकाही हीच आहे. सहाव्या कलमाने ते वगळता येतं, आणि अनेक युरोपीय कंपन्या तशी ओळ घालतात. या कंपनीने घातली नव्हती.

याचा फरक किती पडतो बघा. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्यात ग्राहकाने माल बराच काळ ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं धरतात आणि माल परत करण्याचा हक्क जातो. पण नुकसानभरपाई मागायचा किंवा किमतीतून वजावट करायचा हक्क कलम ५९ खाली राहतो. व्हिएन्ना कन्व्हेन्शन जास्त कडक आहे. कलम ३८ सांगतं, परिस्थितीनुसार शक्य तितक्या लवकर माल तपासा. कलम ३९ सांगतं, दोष आढळल्यापासून किंवा आढळायला हवा होता तेव्हापासून वाजवी मुदतीत, दोष नेमका काय ते विक्रेत्याला कळवा. नाही कळवलं तर त्या दोषावर विसंबण्याचा हक्कच जातो, भरपाईसकट. जर्मन न्यायालयांनी ‘वाजवी मुदत’ साधारण महिनाभराची धरल्याची उदाहरणं आहेत. आमच्या प्रकरणात पाच महिने गेले होते.

म्हणजे मालक ज्याला ‘आपला कायदा’ म्हणत होते, त्याखाली ते जास्त अडचणीत आले असते. भारताने ज्यावर सही केलेली नाही, तो करार त्यांच्या बाजूने उभा होता. मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हाऊसिंगवरून बोट फिरवत राहिले.

हे कलम आलं कुठून

ताईने पहिल्याच बैठकीत विचारलं, “पण हे लिहिलं कुणी? जर्मनांनी?” प्रश्न रास्त होता, म्हणून थोडं विस्ताराने सांगते.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं तेरावं कलम आंतरराष्ट्रीय कायद्याचा क्रमाने विकास आणि त्याचं संहितीकरण, याला चालना देण्याची जबाबदारी आमसभेवर टाकतं. राष्ट्राराष्ट्रांमधल्या कायद्यासाठी १९४७ साली आंतरराष्ट्रीय विधी आयोग स्थापन झाला. व्यापाराच्या कायद्यासाठी १७ डिसेंबर १९६६ च्या ठरावाने वेगळा आयोग नेमला, तो अनसिट्रल. त्याच्या सुरुवातीच्या २९ सदस्य राष्ट्रांत भारत होता. मालविक्रीचे दोन करार त्याआधी १९६४ साली हेगमध्ये झाले होते, पण ते मुख्यतः पश्चिम युरोपच्या नजरेतून लिहिलेले, आणि बाकीच्या जगाने ते फारसे स्वीकारले नाहीत. अनसिट्रलने काम नव्याने हाती घेतलं. एप्रिल १९८० मध्ये व्हिएन्नात ६२ राष्ट्रांच्या परिषदेत १०१ कलमांचा मसुदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून लागू झाला. आज ९५ हून जास्त राष्ट्रं त्यात आहेत.

त्या परिषदेत या एकोणचाळिसाव्या कलमावरच मोठी ओढाताण झाली. घानासह काही विकसनशील देशांचं म्हणणं होतं, की आमच्या व्यापाऱ्यांना अशी सूचना देण्याची सवय नाही. नोटिशीच्या एका चुकीपायी त्यांचा सगळा हक्क बुडवू नका. त्यातून कलम ४४ आलं: वेळेत न कळवण्याला वाजवी कारण असेल तर ग्राहकाला निदान किंमत कमी करून घेता येईल. आयात करणारा गरीब देश तेव्हा डोळ्यांसमोर होता. पंचेचाळीस वर्षांनी त्याच कलमांचा आधार भोसरीतला निर्यातदार घेतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

भारत या करारात नाही. आपला लवाद कायदा अनसिट्रलच्या १९८५ च्या नमुना कायद्यावर बेतलेला, माहिती तंत्रज्ञान कायदा त्यांच्याच १९९६ च्या नमुन्यावर. मालविक्रीच्या बाबतीत मात्र आपण बाहेर थांबलो. माझं मत स्पष्ट आहे: आपण आत यायला हवं. आज हा कायदा आपल्या उद्योजकापर्यंत पोचतो तो समोरच्याच्या छापील अटींमधून, योगायोगाने. वकिलांना १९३० चा कायदा पाठ आहे आणि नवा शिकावा लागेल, एवढ्या कारणासाठी हे दार बंद ठेवणं बरोबर नाही.

पहिलं उत्तर आणि त्यातली चूक

मेल आल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही उत्तर पाठवलं. मसुदा माझा. मुद्दे तीन: पाच महिन्यांनी दिलेली सूचना कलम ३९ प्रमाणे उशिराची आहे, प्रायमरबद्दल पी.ओ.त किंवा ड्रॉइंगवर काहीही नव्हतं. आणि पाठवलेला प्रत्येक नग आमच्याकडे तपासलेला होता, एकही गळत नव्हता.

दुसऱ्या मुद्द्याला भक्कम आधार होता. जर्मन सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा न्यूझीलंडच्या शिंपल्यांचा निकाल या विषयात सगळीकडे वाचला जातो. स्विस विक्रेत्याने जर्मन ग्राहकाला शिंपले विकले, त्यांत कॅडमियम जर्मनीत शिफारस केलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. न्यायालय म्हणालं, ग्राहकाच्या देशातले सरकारी निकष विक्रेत्याला सहसा ठाऊक असावेत अशी अपेक्षा धरता येत नाही. ते हवे असतील तर ग्राहकाने सांगायला हवं. ताईला हा निकाल मी अनसिट्रलच्या निकालसंग्रहात दाखवला. देशोदेशीच्या न्यायालयांचे आणि लवादांचे सारांश तिथे फुकट वाचता येतात. कन्व्हेन्शनचा अर्थ प्रत्येक देशाने आपापल्या सोयीने न लावता एकसारखा लावावा असं सातवं कलम सांगतं, आणि तो संग्रह त्यासाठीच आहे. त्या रात्री तिने फोनवर चाळीसेक सारांश वाचले. प्रायमरचा मुद्दा जर्मन कंपनीने पुढे पुन्हा काढलाच नाही.

चूक तिसऱ्या मुद्द्यात होती. ते वाक्य मालकांच्या तोंडी शब्दावर लिहिलं गेलं. लीक टेस्टचं रजिस्टर मी मागितलं नव्हतं.

रजिस्टर

जर्मन कंपनीने उत्तरादाखल त्यांच्या लॅबचं टेस्ट शीट पाठवलं. आपली बाजू बळकट व्हावी म्हणून पाठवलेलं ते शीट आमच्याच उपयोगाचं निघालं: वीस नगांची तपासणी, तीन गळके, आणि तारीख जूनमधली. माल पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांना दोष कळला होता आणि नोव्हेंबरपर्यंत ते गप्प होते. शीटवर प्रत्येक नगाचा हीट नंबर होता, म्हणजे फाउंड्रीत तो धातूच्या कोणत्या वितळणीतून ओतला त्याचा क्रमांक. तीनही गळके नग दोनच हीटमधले होते.

आता ताई स्वतः शेडमध्ये गेली आणि मेचं रजिस्टर काढलं. लाल कापडी पाठीचं, तेलाच्या बोटांचे डाग पडलेलं. लीक टेस्टचा टब शेजारीच: हाऊसिंगची तोंडं बंद करायची, पाण्यात बुडवायचं, हवेचा दाब द्यायचा आणि बुडबुडा येतो का ते टॉर्च लावून बघायचं. त्या दोन हीटपैकी एकीसमोर फोरमनच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘२ नग लीक. सीलंट मारून ओके.’

फोरमनने काहीही लपवलेलं नव्हतं. उलट लिहून ठेवलं होतं. सीलंट भरून पुन्हा टेस्ट घेतली, बुडबुडा आला नाही, नग पास केले. तो म्हणाला, “ताई, नेहमी असंच करतो. तुम्हाला सांगायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.” त्याच्या या म्हणण्याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

कायद्याच्या दृष्टीने त्या एका ओळीने चित्र बदललं. कलम ४० म्हणतं, दोषाशी संबंधित गोष्टी विक्रेत्याला ठाऊक होत्या, किंवा ठाऊक नसणं शक्यच नव्हतं, आणि त्याने त्या ग्राहकाला सांगितल्या नाहीत, तर त्याला ३८ आणि ३९ चा आधार घेता येत नाही. दोन नग गळले म्हणजे त्या हीटमध्ये पोरोसिटी, म्हणजे धातूत बारीक छिद्रं, असण्याची शक्यता दिसली होती. निदान त्या हीटपुरती आमची ढाल गेली होती.

काय करावं

त्या आठवड्यात कारखान्याच्या छोट्या ऑफिसात तीन बैठका झाल्या. सगळं मान्य करून डेबिट नोट स्वीकारावी, हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला पडला. तेवढा बोजा कारखान्याला पेलणारा नव्हता आणि तो न्याय्यही नव्हता. खरा पेच पुढच्या दोन वाटांमध्ये होता.

मालकांचं म्हणणं, कलम ३९ वर ठाम राहावं आणि रजिस्टरचा विषय आपण होऊन काढू नये. “मागितलं तर देऊ. आपण का सांगायचं?” त्यांच्या जागी राहून बघितलं तर हे समजण्यासारखं होतं. पैसे अडकलेले, फाउंड्रीवाला रोज फोन करत होता, आणि समोरचा पाच महिने गप्प बसलेला.

ताई म्हणाली, “बाबा, आपण लेखी दिलंय की एकही नग गळत नव्हता. ते आता खोटं आहे हे आपल्याला माहीत आहे.”

मी माझ्या बाजूने दोन गोष्टी मांडल्या. लवाद कागदपत्रं मागू शकतो, आणि फोरमनला साक्षीला बसवलं तर तो खरंच सांगेल. दुसरी गोष्ट, माहीत असलेलं चुकीचं विधान मी माझ्या मसुद्यात राहू देणार नाही. हे सांगताना मला अवघड गेलं, कारण ते वाक्य माझ्याच घाईने तिथे गेलं होतं. मालक काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला: “लिहा. पण दोनच हीटचं लिहा. बाकीच्या मालाचं आपण काही खाल्लेलं नाही.”

हा निर्णय बरोबर होता आणि हुशारीचाही. हीट नंबर कास्टिंगवरच उठवलेला असल्यामुळे दोष कुठपर्यंत आहे हे मोजता येत होतं. १,२०० पैकी त्या दोन हीटचे १३० नग होते.

प्रत्यक्ष कृती आणि निकाल

दुसऱ्या पत्रात आम्ही आधीचं वाक्य मागे घेतलं, रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो आणि भाषांतर जोडलं. १३० नग स्वखर्चाने बदलून देण्याची तयारी दाखवली. कलम ४८ विक्रेत्याला अशी दुरुस्ती करण्याची संधी देतं. उरलेल्या १,०७० नगांबद्दल लिहिलं, की त्यांच्यात दोष असल्याचा कागद नाही आणि असता तरी सूचना उशिराची आहे. लाइन थांबल्याच्या खर्चाबद्दल कलम ७७ दाखवलं: नुकसान टाळण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे भरपाई मागणाऱ्याचं काम. जूनमध्ये गळती माहीत असताना तेच नग ऑक्टोबरमध्ये लाइनवर चढवले, तर त्या खर्चाचा भार आमच्यावर येत नाही.

दहा दिवस काहीच उत्तर नाही. मग व्हिडिओ कॉल ठरला. त्यांच्या बाजूने खरेदी प्रमुख आणि क्वालिटीच्या बाई, आमच्या बाजूने ताई, मालक आणि मी. क्वालिटीच्या बाईंनी सुरुवातीलाच रजिस्टरचं पान स्क्रीनवर उघडलं आणि फोरमनच्या ओळीचा अर्थ विचारला. ताईने टब, दाब, सीलंट, सगळं समजावून सांगितलं. त्यानंतर बोलणं कायद्यावरून हीट नंबरवर आलं आणि वाद सुटायला तिथून सुरुवात झाली.

तडजोड अशी झाली: १३० नग बदलून द्यायचे, त्यातले तातडीचे ४० विमानाने आणि बाकीचे जहाजाने, सॉर्टिंगच्या खर्चातले ६ हजार युरो आमचे, लाइनचा दावा मागे, अडकवलेले ३६ हजार लगेच मोकळे, त्यातून ते ६ हजार वजा. बँकेला वजावटीचे कागद देऊन बिल मिटवलं. शिरोलीच्या फाउंड्रीने १३० कास्टिंगची किंमत सोसली, विमानभाडं आम्ही. पुढच्या वर्षी ऑर्डर कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत.

आज पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत आधी मी रजिस्टर मागेन, मसुदा नंतर. पहिलं पत्र दोन दिवस उशिरा गेलं असतं तर काहीही बिघडलं नसतं. तेव्हा फक्त ‘मेल मिळाला, तपासत आहोत, आमचे सर्व हक्क राखून’ एवढं पुरेसं होतं.

ताईचं म्हणणं वेगळं आहे. तिच्या मते चूक त्याही आधीची, मेमधली. ते दोन नग गळले त्या दिवशी दोन ओळींचा मेल गेला असता तर ग्राहकाने त्या हीट बाजूला काढल्या असत्या आणि कलम ४० चा प्रश्नच आला नसता. ती बरोबर आहे.

आणि अटी वाचणं. मार्चमध्ये नवी पी.ओ. आली तिच्यात एक ओळ वाढली होती: जर्मन कायदा लागू, संयुक्त राष्ट्रांचं कन्व्हेन्शन वगळून. ताईने मला विचारलं. जर्मनीचा अंतर्गत व्यापारी कायदा माल तपासण्याच्या बाबतीत ग्राहकाला याहून कडक आहे, त्यामुळे ही ओळ राहिली तर त्या एका मुद्द्यावर तोटा नव्हता, हे मी सांगितलं. ती म्हणाली, “पण तो मला वाचता येणार नाही. कन्व्हेन्शन इंग्रजीत अधिकृत आहे. मी स्वतः वाचलंय.” तिने ओळ खोडून प्रत परत पाठवली. नऊ दिवसांनी खोडलेल्या ओळीशेजारी त्यांची आद्याक्षरं आली, आणि खाली एक भर: दिसण्याजोगा दोष माल उतरल्यापासून ३० दिवसांत कळवायचा.

शेडमधल्या नव्या रजिस्टरला आता शेवटी एक जादा रकाना आहे, ‘ग्राहकाला कळवलं – तारीख’. फोरमननेच पट्टीने आखला. एप्रिलमधल्या पहिल्या नोंदीत एक नग आहे, गळका, बाजूला काढलेला, आणि रकान्यात त्याच दिवसाची तारीख.